ऑटिझम असलेल्या मुलांसाठी अंगावर घालायची उपकरणं : कुणाचा अनुभव आहे का? (सोलापूर)

माळवद | ३ फेब्रुवारी, रात्री ११.१०

नमस्कार मंडळी. धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलाय, पण थोडक्यात सांगता येण्यासारखं नाही.

आम्ही सोलापुरात पूर्व भागात राहतो. घरी तेलुगू, बाहेर मराठी. मुलगा सात वर्षांचा आहे, इथे त्याला चिन्ना म्हणेन. साडेतीन वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं. बोलायला मोजके वीस-बावीस शब्द, काही तेलुगू, काही मराठी. समजतं मात्र सगळं. घराच्या खालीच यंत्रमाग आहेत. त्यांची खटखट दिवसभर चालते, तिचा त्याला काडीचाही त्रास नाही. उलट वीज जाऊन माग थांबले की तो अस्वस्थ होतो. पण कुकरची शिट्टी, रिक्षाचा हॉर्न, वरातीतला डीजे यांनी तो पार कोलमडतो. कान दाबून खाली बसतो, डोकं आपटून घेतो. आणि हे सुरू होण्याआधी आम्हाला काहीच कळत नाही. माझी सगळी धडपड त्या 'आधी'साठी आहे.

मागच्या महिन्यात हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन एका केंद्रात त्याला दाखवलं. तिथे मनगटावर बांधायचा एक पट्टा दाखवला. घाम आणि नाडी मोजून मुलाचा ताण ओळखतो, त्रास सुरू व्हायच्या आधी आईच्या मोबाईलवर सूचना येते, असं सांगितलं. किंमत २८ हजार, ॲपचे दरमहा वेगळे. दोन दिवस घरी नेऊन बघू का म्हटलं तर नाही म्हणाले. ह्यांचं काम सुताच्या डाइंगमध्ये, मी घरी टॉवेलच्या कडा शिवते. पैसे उभे करू, पण उभे करावेत का हे कुणाला विचारायचं?

आता दुसरी गोष्ट, गड्ड्याची, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेची. शेजारचा मुलगा दरवर्षी नंदीध्वजाच्या मिरवणुकीत बाराबंदी, म्हणजे बंदांनी बांधायचा पांढरा अंगरखा, घालून चालतो. यंदा चिन्नाने ती बघितली आणि हातच सोडेना. शेवटी त्यांच्या धाकट्याची जुनी बाराबंदी त्याला घातली, सगळे बंद घट्ट बांधले. ज्या मुलाच्या शर्टाचं मानेमागचं लेबल कापल्याशिवाय तो शर्ट अंगावर ठेवत नाही, तो अक्षता सोहळ्याच्या दिवशी माझ्या शेजारी दीड तास उभा राहिला. 'हर्र बोला हर्र'चा गजर, हलगी, गर्दी, सगळं चालू. छातीवरच्या बंदाची गाठ सारखी ओढून तो ती आणखी घट्ट करत होता. घरी आल्यावर काढू देईना, तशीच घालून झोपला.

तेव्हापासून डोक्यात आहे की पट्ट्यापेक्षा कपड्यातूनच काही करता येईल का? की हा आईच्या मनाचा खेळ आहे? कुणी असं काही वापरलं असेल तर जरूर लिहा.

हुरडा | ४ फेब्रुवारी, सकाळी ७.२५

ताई, बार्शीहून लिहितोय. मुलगी दहा वर्षांची, तिलाही ऑटिझम आहे. आम्ही दोन्ही प्रयोग करून बसलोय.

वजनाच्या पट्ट्या घातलेलं जॅकेट ऑनलाइन मागवलं होतं. थंडीत चाललं. एप्रिलमध्ये पाठीवर घामोळं उठलं, मग तिने ते विहिरीत टाकून दिलं. दुसरं म्हणजे साधं स्मार्ट घड्याळ, ठोके वाढले की सूचना देणारं. जिना चढली, सूचना. आनंदाने उड्या मारल्या, सूचना. खरोखर त्रास झाला त्या दिवशी घड्याळ चार्जिंगला होतं. २८ हजार घालवायच्या आधी शंभरदा विचार करा.

झोपाळा | ४ फेब्रुवारी, दुपारी ३.४०

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, या कामाला चौदा वर्षं झाली. माहेर सोलापूरचं, म्हणून बाराबंदी हा शब्द वाचून थांबले.

माळवद, आधी मागांविषयी. खटखट चालते आणि शिट्टी चालत नाही यात विसंगती नाही. मागाचा पुढचा ठोका कधी पडणार हे चिन्नाला पक्कं ठाऊक असतं. शिट्टी कधी होणार ते ठाऊक नसतं. माग थांबल्यावर तो बिथरतो तेही त्यामुळेच, कारण ठरलेला ठोका पडला नाही. काही मुलांची ज्ञानेंद्रियं बाहेरचं जास्त घेतात, काहींची फार कमी, आणि एकाच मुलात दोन्ही असू शकतं. २०१३ पासून डीएसएम-५ या निदानाच्या नियमावलीतही ही गोष्ट ऑटिझमच्या लक्षणांत धरली आहे. त्याआधी आम्ही सांगायचो तेव्हा लोक 'लाडावलाय' म्हणायचे.

आता बाराबंदी. अंगाला सगळीकडून सारखा घट्ट दाब मिळाला की काही मुलं सावरतात. आम्ही त्याला डीप प्रेशर म्हणतो. टेंपल ग्रँडिन हे नाव ऐकलं असेल. स्वतः ऑटिस्टिक आणि अमेरिकेत पशुविज्ञानाच्या प्राध्यापक. तरुणपणी ॲरिझोनात एका नातेवाइकांच्या रानावर त्यांनी जनावरांना लस टोचताना दोन्ही बाजूंनी धरून ठेवणारा सांगाडा पाहिला. त्यात काही जनावरं शांत होत होती. त्यांनी स्वतःसाठी तसाच लाकडी सांगाडा बनवला. त्यातली लोकांच्या नजरेतून सुटणारी बाब अशी की दाब कमी-जास्त करणारा दांडा त्यांच्या स्वतःच्या हातात होता. चिन्ना गाठ स्वतः ओढत होता हे तुम्ही लिहिलंत, तिथे मला हेच दिसलं.

पण खोटी आशा देणार नाही. जड जॅकेट, जड पांघरूण यांची जाहिरात भरपूर आहे, पुरावा तोकडा. २०१४ साली पीडिॲट्रिक्स या नियतकालिकात ऑटिझम असलेल्या ६७ मुलांवर जड पांघरुणाचा अभ्यास आला. झोपेत मोजण्यासारखा फरक पडला नव्हता. मुलांना आणि पालकांना मात्र ते पांघरूण आवडलं होतं. मुलाला आवडतंय म्हणून खुशाल वापरा, त्याने ऑटिझम 'कमी होईल' म्हणून वापरू नका. आणि आपल्याकडच्या उन्हात वजन तर नकोच, हुरडा यांनी लिहिलंय ते अगदी बरोबर आहे. सिंगापूरचं टी-जॅकेट वजनाऐवजी हवेच्या पिशव्या फुगवून दाब देतं, पण तेही जॅकेटच.

अंगावरच्या उपकरणांत नीट अभ्यास झालेलं एक म्हणजे स्टॅनफर्डचा चष्मा. गूगल ग्लासमध्ये समोरच्याच्या चेहऱ्यावरचा भाव ओळखून मुलाला सांगणारी प्रणाली होती. ६ ते १२ वर्षांची ७१ मुलं, काहींना चष्मा, काहींना नाही. २० मिनिटं, आठवड्यातून चारदा, सहा आठवडे. नेहमीची थेरपी सगळ्यांचीच चालू होती. चष्मा मिळालेल्या मुलांच्या सामाजिक वागण्यात सुधारणा दिसली, २०१९ मध्ये तो निबंध आला. पण २०२३ मध्ये गूगलने तो चष्मा विकणंच थांबवलं. थेरपी परदेशातल्या एका कंपनीच्या वस्तूला बांधली की असं होतं, ही भीती मला कायम वाटते.

सोल्डरगन | ४ फेब्रुवारी, रात्री ९.०५

इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करतो, होटगी रोडला राहतो. पट्ट्याबद्दल लिहितो.

भीती वाटली की छाती धडधडवणारी जी चेतासंस्था आहे, तीच तळहात-मनगटाच्या घामग्रंथींनाही चालवते. ओल वाढली की कातडीतून वीज सहज वाहते. पट्टा दोन टोकांतून अगदी किंचित वीज सोडतो आणि ती किती सहज गेली ते मोजतो. ठोके मोजायला खाली हिरवा दिवा असतो. शास्त्र खोटं नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत रुग्णालयात दाखल असलेल्या ७० ऑटिस्टिक मुलांवर असा पट्टा वापरून आक्रमक वागणं सुरू व्हायच्या तीन मिनिटं आधी अंदाज बांधण्याचा अभ्यास झालाय, आणि अंदाज बऱ्यापैकी बरोबर आले.

पण ते रुग्णालय होतं. प्रशिक्षित माणसं शेजारी बसून मुलाने काय केलं, किती वाजता केलं, याची नोंद ठेवत होती. त्या नोंदींवरून संगणक शिकला. आता तोच पट्टा आपल्याकडे एप्रिलमध्ये आणा. बाहेर ४२, पत्र्याखाली त्याहून जास्त, घामाने मनगट निथळतंय. घाबरल्याचा घाम आणि सोलापूरचा घाम यातला फरक तो कसा सांगणार? वर मूल हात झटकतं, पट्टा सरकतो, आकडे उड्या मारतात. तुम्हाला घरी दोन दिवस देत नाहीत, हेच माझ्या मते उत्तर आहे.

आणखी एक. हे सगळे आकडे कुठल्या तरी कंपनीच्या सर्व्हरवर जातात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांची खात्रीशीर संमती लागते आणि मुलांवर पाळत ठेवायला मनाई आहे. ॲप घेताना माहिती कुठे साठवता हे लेखी मागा.

शांतवेळ | ५ फेब्रुवारी, पहाटे २.१५

मी ३१ वर्षांचा आहे. ऑटिझमचं निदान पाच वर्षांपूर्वी झालं. मुलं सोडून मोठ्यांनाही हे असतं हे इथे फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून लिहितोय.

पट्टा मुलाच्या हातावर, सूचना आईच्या मोबाईलवर. मुलाला काय मिळतं? लहानपणी मला लग्नात नेत. मंगल कार्यालयात शिरताना पोटात कळ येई, कातडीखाली मुंग्या. बोलता यायचं मला, भरपूर यायचं, पण त्या वेळी एक शब्द फुटत नसे. मग मी टेबलाखाली जायचो आणि मला बाहेर ओढत. माझ्या अंगाची बातमी माझ्याआधी दुसऱ्याला पोचावी असं मला कधीच वाटलं नाही. मला हवं होतं ते एवढंच की बोलणं बंद पडलं तरी 'पुरे' म्हणता यावं, आणि म्हटल्यावर कुणी तरी यावं.

चष्म्याबद्दलही. ऑटिस्टिक मुलाने बाकीच्यांचे चेहरे वाचायला शिकावं यासाठी एवढी मेहनत. डेमियन मिल्टन या ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये मांडलं की न कळणं दोन्ही बाजूंनी असतं, आम्हाला तुम्ही कळत नाही तसे तुम्हालाही आम्ही कळत नाही. माळवदताई, तुम्ही गाठ बघितलीत. तेवढं माझ्याकडे कुणी बघितलं नव्हतं.

माळवद | ५ फेब्रुवारी, रात्री १०.३०

शांतवेळ, तुमचं वाचून खूप वेळ काही लिहवलं नाही. आज ह्यांनाही वाचून दाखवलं.

मग आम्ही दोघांनी त्या दिवशीचा मोबाईलमधला व्हिडिओ तीनदा बघितला. चिन्ना गाठ सारखी ओढत नाही. हलगी जवळ आली की ओढतो. मागून एकजण जोरात ओरडला तेव्हा ओढतो. एकदा दोन्ही हातांनी ओढून त्याने माझ्याकडे बघितलं, आणि मी मिरवणूक बघत होते.

म्हणजे तो 'आधी' होताच. मग असं करता येईल का की त्याने बंद ओढला की मला कळेल? घाम वगैरे काही मोजायचं नाही. तो ओढेल, मला कळेल.

सोल्डरगन | ५ फेब्रुवारी, रात्री ११.५५

करता येईल. आणि पट्ट्यापेक्षा कितीतरी सोपं आहे.

वीज वाहून नेणारा धागा मिळतो, स्टीलचा किंवा चांदीचा मुलामा दिलेला, साध्या सुईने शिवता येतो. २००७ पासून कपड्यावर शिवायचे छोटे गोल सर्किट बोर्डही मिळतात, लिलिपॅड नावाचे, ते लिआ बेकली यांनी तयार केले. आपलं काम त्याहूनही कमीत होईल. बंदाच्या मुळाशी ताणलं की जुळणारे दोन धातूचे तुकडे, म्हणजे टिचबटणाची जोडी. ती जुळली की खिशातला छोटा रेडिओ संदेश पाठवेल, वायरलेस डोअरबेलसारखा. तुमच्या मनगटावर मोबाईलमध्ये असते तसली नाण्याएवढी थरथरणारी मोटर. इंटरनेट नाही, ॲप नाही, साठवण नाही. सामान हजार रुपयांच्या आत बसेल.

आता कृपया हे नीट वाचा. बटण सेल आणि लोहचुंबक मुलाच्या कपड्यात अजिबात नको. बटण सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते. दोन चुंबक गिळले तर आतडी चिमटतात. म्हणून चार्ज होणारी चपटी बॅटरी, तीही शिवून बंद केलेल्या पाकिटात, छातीवर नाही तर कमरेच्या बाजूला, कापडाचे दोन पदर मध्ये ठेवून. ४५ अंशांच्या वर असली बॅटरी चार्ज करायची नसते, म्हणून सकाळी, खाली फरशीवर. पत्र्याच्या पोटमाळ्यावर कधीच नाही. धुताना पाकीट काढायचं.

झोपाळा | ६ फेब्रुवारी, सकाळी ८.१५

मनगटावरची थरथर आईच्याच हातावर असू द्या. चिन्नाच्या कपड्यात मोटर नको. काही मुलांना ती मुंगी चावल्यासारखी वाटते. पुढे कधी 'संदेश पोचला' हे त्याला कळावं म्हणून थरथर द्यावीशी वाटली, तर आधी मोबाईल त्याच्या तळहातावर ठेवून बघा, आणि बंद करायचं बटण त्याला दाखवा.

काजबटण | ६ फेब्रुवारी, रात्री ९.४०

काय ताई, दोन दिवस झाले, हेच डोक्यात फिरायलंय. आमचा शाळेच्या युनिफॉर्मचा छोटा कारखाना आहे, अशोक चौकाच्या पलीकडं. सोलापूरचे युनिफॉर्म कुठं कुठं जातात हे तुम्हाला सांगायला नको. एवढ्या लेकरांचे कपडे शिवले, पण शिवण टोचती म्हणून रडणारं लेकरू असतंय हे आजवर कुणी सांगितलंच नव्हतं बघा.

माझं असं म्हणणं हाय. अख्खी बाराबंदी नको, लई गरम होईल. अर्धी बंडी करू, बिनबाह्यांची, पुढं एकावर एक येणारी. बंद चारच. कापड जुनं, धुवून मऊ झालेलं सुती घ्या, मी दोन-चार मीटर काढून ठेवलंय. शिवणी सगळ्या बाहेरच्या अंगाला, आत एक धागा लागणार नाही. लेबल नाही. वेलक्रो लावू नका म्हणतो मी, फर्रकन आवाज होतो. टिचबटणाची जागा दुमडीत लपवतो. माप पाठवा : छाती, खांद्यापासून कंबर. पैशाचं काढू नका.

खडूफळा | ८ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.२०

विशेष शिक्षिका आहे. वस्तू तुम्ही सगळे मिळून चांगली करताय, पण चिन्नाला 'ओढलं की अम्मा येते' हे शिकवावं लागेल. ते आपोआप होत नाही.

शांत वेळी सुरुवात करा. त्याच्या हातावर हात ठेवून बंद ओढा, मनगट थरथरलं की लगेच त्याच्यापाशी जा, शब्द म्हणा. तेलुगू किंवा मराठी, पण दरवेळी तोच शब्द. मग त्याला आवाजापासून दूर न्या किंवा कानावर हात ठेवा, जे त्याला आवडतं ते. सुरुवातीचे आठवडे एकही ओढ वाया जाऊ देऊ नका. हाताखालचा हात हळूहळू काढा. सोबत चित्रांचं ॲपही चालू ठेवा, आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो मोफत आहे आणि मराठीतही आहे. बंद म्हणजे त्याची एक हाक झाली, सगळं बोलणं त्यावर ढकलू नका.

कागदपत्रांचं : २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारांमध्ये ऑटिझम आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढलं असेल तर केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय विम्यात नाव घाला. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण मिळतं आणि त्यात थेरपीचा खर्चही येतो. अनेक पालकांना हे माहीतच नसतं, आणि ते घरातलं सोनं गहाण ठेवतात.

माळवद | १९ एप्रिल, रात्री ११.३०

उशीर झाला, माफ करा. सगळं सांगते.

बंडी मार्चच्या पहिल्या आठवड्यात मिळाली. पहिले चार दिवस चिन्नाने ती हुंगली फक्त. पाचव्या दिवशी स्वतः घातली. काजबटण दादा स्वतः घरी आले होते माप बघायला, जमिनीवर बसून त्याला बंद बांधू दिले, घाई केली नाही. सोल्डरगन यांनी पहिल्यांदा केलेला रेडिओ खालच्या मागांच्या मोटारी सुरू झाल्या की आपोआप वाजायचा. एका दुपारी मी विनाकारण अकरा वेळा धावले. त्यांनी मग प्रत्येक संदेशाला खुणेचा आकडा जोडून दिला, तेव्हा थांबलं.

शिकवायला पाच आठवडे लागले. खडूफळा ताईंनी सांगितलं तसंच केलं. शब्द 'वस्ता' ठेवला, आमच्यात 'येते' असा त्याचा अर्थ. आधी मीच त्याचा हात धरून ओढायची. मग एकदा ह्यांनी कुकर लावला, मी बाहेर वाळत घालत होते, आणि मनगट थरथरलं. आत गेले तर शिट्टी अजून व्हायची होती. कुकर गॅसवर ठेवलेला बघूनच त्याने ओढलं होतं. गॅस बंद केला, त्याला गॅलरीत नेलं, मग शिट्टी होऊ दिली. सात वर्षांत पहिल्यांदा आमच्या घरात डाळ शिजली आणि कुणी रडलं नाही.

आता अडचण. ऊन चढलंय. दुपारी बंडी अंगावर नको म्हणतो, मानेला घामोळं दिसलं म्हणून मीही नाही घालत. पण मग दुपारभर त्याच्याकडे बंद नसतो.

हुरडा | २० एप्रिल, सकाळी ७.१०

ताई, मनापासून आनंद झाला. पण एक विचारतो, राग मानू नका. तो ओढेल तेव्हा तुम्ही धावणार, पुढं तो दर पाच मिनिटांनी ओढेल. शाळेत कोण धावणार? सवय लागली तर मोडायची कशी? आमच्या मुलीचं रडणं आम्ही असंच वाढवून ठेवलंय असं मला वाटतं.

शांतवेळ | २० एप्रिल, दुपारी १.४०

हुरडा, तुमच्या मुलीने रडणं सोडून दुसरी हाक मारली होती का कधी? आणि ती ऐकली गेली का? मला तुम्हाला दोष द्यायचा नाही. माझ्या आईलाही कुणी सांगितलं नव्हतं.

झोपाळा | २० एप्रिल, दुपारी २.३०

दोघांचंही खरं आहे. सुरुवातीला दरवेळी जायचंच. हाक पोचते हा विश्वास बसला की थोडं थांबायला शिकवता येतं, 'वस्ता' लांबून म्हणायचं आणि मिनिटाने जायचं. विश्वास बसायच्या आधी थांबवलं तर मूल परत डोकं आपटण्याकडे वळतं, कारण ते कधीच दुर्लक्षित होत नाही. हुरडा, तुमच्या मुलीबद्दल वेगळा धागा काढा, मी लिहीन.

उन्हाचं : दाब आणि हाक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकाच कपड्यात असल्या पाहिजेत असं नाही. दुपारी दाब नसला तरी चालेल. फक्त बंद कशावर तरी लावता आला तर बघा.

काजबटण | २० एप्रिल, रात्री १०.००

कमरेचा पट्टा करतो, नाडीवानी, चड्डीच्या वर. मलमलचा. बंद तोच, टिचबटण तेच, पाकीट तेच, फक्त बंडीतून काढून पट्ट्यात सरकवायचं. युनिफॉर्मच्या चड्डीवर पण बसंल, शाळेत दिसणार पण नाही. रविवारी आणून देतो.

माळवद | २७ जून, रात्री १०.४५

शाळा सुरू झाली. थरथरणारा मनगटाचा पट्टा शाळेच्या वेळात आता बाईंच्या हातावर असतो. त्या आधी तयार नव्हत्या, वर्गात चाळीस मुलं, त्यांचंही बरोबर आहे. खडूफळा ताईंनी त्यांना फोन करून अर्धा तास समजावलं, त्यानंतर पंधरा दिवस करून बघू म्हणाल्या. मधल्या सुट्टीच्या घंटेआधी तो ओढतो, तेव्हा बाई त्याला ग्रंथालयाच्या खोलीत पाठवतात. एवढंच. पहिल्या आठवड्यात दोनदा त्रास झाला, दोन्ही वेळा त्याने ओढलं होतं पण बाई फळ्याकडे वळलेल्या होत्या आणि पट्टा त्यांच्या पर्समध्ये. त्यांनी स्वतःच मला फोन करून सांगितलं. आता बांधून ठेवतात.

पुण्याचा पट्टा घेतला नाही. डोकं आपटणं पूर्ण थांबलेलं नाही, वरातींचे दिवस वाईटच गेले. डीजे दोन गल्ल्या पलीकडे असला तरी बंद ओढून उपयोग होत नाही, मी आवाज बंद करू शकत नाही. तेव्हा फक्त दार लावून, बंडी घट्ट बांधून त्याच्यापाशी बसते.

एक सांगायचं राहिलं. परवा दुपारी माग चालू, घरात काही आवाज नाही, कुकर नाही, काही नाही. मी शिलाई मशीनवर होते. मनगट थरथरलं. धावत गेले तर तो खिडकीपाशी चटईवर पडलेला, अगदी निवांत, बंद बोटाला गुंडाळलेला. मी 'वस्ता' म्हणत शेजारी बसले. त्याने माझा हात ओढून पोटावर ठेवला आणि खालच्या मागांचा ठोका ऐकत राहिला. काही झालेलं नव्हतं. नुसतं बोलावलं होतं.

शांतवेळ | २८ जून, रात्री १२.०५

तेव्हाही जात जा.

काजबटण | २८ जून, सकाळी ९.२०

ताई, फोटोत बंडी खांद्यात आखूड दिसायली. पोरगं वाढलंय. नवीन माप पाठवा, छाती आणि खांद्यापासून कंबर. आणि शाळेतल्या बाईंना विचारा, त्यांच्या वर्गात आणखी कुणाला लागती का.